एक रकाना, एक प्रश्न : बग ट्रॅकरची मांडणी कशी करावी

उल्हासनगरचा पत्ता बाहेरच्या माणसाला लांबलचक वाटतो. कॅम्प नंबर, सेक्शन, बराक नंबर, खोली नंबर आणि शेवटी एखाद्या चौकाची किंवा दवाखान्याची खूण. इथल्या पोस्टमनला मात्र त्यातला एकही तुकडा जास्तीचा वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली, छावणीचं उल्हासनगर झालं आणि बराकींचे नंबर पत्त्यात कायमचे राहिले. कॅम्प नं. ३ चा पिन कोड ४२१००३, कॅम्प नं. ४ चा ४२१००४. शेवटचा आकडा बघितला की टपालाची थैली कुठे जायची ते ठरतं, बराक नंबर बघितला की गल्ली ठरते, खोली नंबर बघितला की दार. प्रत्येक तुकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि त्या उत्तरावर कोणीतरी लगेच काहीतरी करतो.

ओपन सोर्स प्रकल्पाच्या बग ट्रॅकरमध्ये वर्गवारी करायची ती अशीच. कॅम्प नं. ३ मध्ये चांदीबाई कॉलेज आहे, तलरेजा कॉलेज आहे. संगणक शिकणारी बरीच मुलं तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने गिटहबवर पहिली रिपॉझिटरी उघडतात. त्यातले काही प्रकल्प परीक्षेनंतरही जगतात, लोक ते वापरू लागतात आणि मग इश्यू येऊ लागतात. पहिले वीस-पंचवीस इश्यू डोक्यात राहतात. शंभराच्या पुढे गेले की जो तो हाताला येईल ते लेबल लावतो. हा लेख त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी आहे, आणि त्याच्या थोडं आधी असलेल्यांसाठी जास्त.

उदाहरणासाठी एक प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू. समजा, चार मित्रांनी देवनागरीत टाइप करण्याचं एक मोफत ॲप केलं आहे. मराठी आणि सिंधी दोन्ही भाषांसाठी, कारण उल्हासनगरात ही गरज घरोघरी आहे. देवनागरीत सिंधी लिहायची तर ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार अक्षरं लागतात, खाली रेघ असलेली. २००६ साली युनिकोडच्या ५.० आवृत्तीत ती आली. मराठीला ॲ लागतो, तो २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. म्हणजे जुना फोन, जुना फाँट आणि नवं अक्षर यांची गाठ पडली की रिकामा चौकोन दिसणार आणि तुमच्याकडे इश्यू येणार.

अशा प्रकल्पाची लेबलांची यादी सहा महिन्यांनी उघडली तर साधारण अशी दिसते : बग, अर्जंट, अँड्रॉइड, मराठी, फाँट, नवीन फीचर, नंतर बघू, सोपं, चालू आहे, डुप्लिकेट, डिझाइन, महत्त्वाचं. यातलं एकेक लेबल चुकीचं नाही. पण ‘फाँट’ हे ठिकाण आहे, ‘अर्जंट’ ही निकड आहे, ‘चालू आहे’ ही स्थिती आहे आणि ‘नवीन फीचर’ हा प्रकार आहे. चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच पिशवीत पडली आहेत. म्हणून ‘मराठीतल्या फाँटच्या गंभीर तक्रारी किती राहिल्या?’ हा साधा प्रश्न विचारला तरी उत्तर मिळत नाही.

चार प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न : हे आहे काय? बिघाड, नवी मागणी की घरातलं काम? दुसरा : कुठे आहे? तिसरा : वापरणाऱ्याला किती त्रास होतो? चौथा : आता कुठवर आलं आहे? प्रत्येक इश्यूला या चार प्रश्नांचं प्रत्येकी एकच उत्तर असावं. दोन उत्तरं लागत असतील तर बहुतेक वेळा इश्यू एक नसून दोन असतात, ते वेगळे करावेत.

हे सांगायला सोपं आहे, पण जगातल्या फार मोठ्या प्रकल्पांनाही ते सरळ करायला वर्षं लागली. बगझिला हे मोझिला प्रकल्पाचं साधन १९९८ पासूनचं. टेरी वाइसमन यांनी ते आधी टीसीएल भाषेत लिहिलं, मग ते पर्लमध्ये आलं. त्यात गंभीरतेचा रकाना होता : ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल आणि सर्वांत शेवटी एन्हान्समेंट, म्हणजे सुधारणेची मागणी. आता मागणी हा गंभीरतेचा सर्वांत खालचा दर्जा कसा असेल? एखादी मागणी अतिशय महत्त्वाची असू शकते. पण प्रकारासाठी वेगळा रकानाच नव्हता, म्हणून ती गंभीरतेच्या रकान्यात जाऊन बसली. मोझिलाने २०१९ मध्ये प्रकाराचा वेगळा रकाना केला, त्यात तीनच पर्याय : डिफेक्ट, एन्हान्समेंट, टास्क. पुढे २०२० मध्ये गंभीरतेचे दर्जेही कमी करून एस १ ते एस ४ असे चारच ठेवले. वीस वर्षं चाललेला, हजारो लोकांनी वापरलेला रकाना मोडून दोन करायचा हे सोपं काम नव्हे. तुमच्याकडे शंभरच इश्यू आहेत तोवर ते एका दुपारीत होतं.

गिटहबवर अडचण वेगळी आहे. तिथे लेबलं ही एक सपाट यादी असते, तिला आपोआप रकाने पडत नाहीत. नवी रिपॉझिटरी उघडली की जी नऊ लेबलं तयार मिळतात त्यातच बग, एन्हान्समेंट, डुप्लिकेट, गुड फर्स्ट इश्यू, हेल्प वॉन्टेड, वोंटफिक्स अशी सरमिसळ आहे. त्यावर चांगला उपाय रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने केला आहे. त्यांच्या लेबलाच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. ‘ए’ने सुरू होणारी लेबलं भाग सांगतात, ‘सी’ची प्रकार, ‘पी’ची प्राधान्य, ‘एस’ची स्थिती, ‘टी’ची कोणत्या टीमकडे आहे ते. एकेका अक्षराला एकेक रंग. कुबरनेटीसमध्येही हीच रीत आहे, तिथे पूर्ण शब्द आणि पुढे तिरपी रेघ : काइंड, एरिया, प्रायॉरिटी. तुम्ही कोणतंही वळण घ्या, पण घ्या. लेबलाच्या नावातच त्याचा प्रश्न दिसला की एका इश्यूवर ‘प्रकार’ची दोन लेबलं पडली तर ती लगेच डोळ्यांत भरतात.

या उपसर्गाचा आणखी एक फायदा स्थलांतराच्या वेळी कळतो. पायथनचा बग ट्रॅकर अनेक वर्षं राउंडअप या साधनावर होता, त्यात प्रकार, टप्पा, घटक, आवृत्ती असे वेगवेगळे रकाने होते. एप्रिल २०२२ मध्ये सगळे इश्यू गिटहबवर गेले आणि त्या रकान्यांतली बरीच माहिती लेबलांच्या रूपात उतरली. आज तिथे ‘टाइप-बग’, ‘टाइप-फीचर’, ‘टाइप-क्रॅश’ अशी लेबलं दिसतात ती त्यामुळेच. साधनं बदलत राहणार. प्रश्न स्वच्छ वेगळे असतील तर माहिती कुठेही नेता येते.

‘कुठे’ हा सर्वांत अवघड प्रश्न

ठिकाणाची वर्गवारी म्हणजे घटक, बगझिलाच्या भाषेत कम्पोनंट. बहुतेक प्रकल्पांची गाडी इथे अडते, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्या देवनागरी ॲपवर एक इश्यू येतो : ‘मराठी नीट दिसत नाही.’ विचारपूस केल्यावर कळतं की वापरणाऱ्याने डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहिल्या आणि पडद्यावर समुद्राचा ‘दर्या’ आला. मराठी लिहिणाऱ्याला ही चूक किरकोळ वाटणार नाही, अर्थच बदलला. आता हा बग कोणाचा?

युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तला हा आडवा रफार दोन रीतींनी लिहिता येतो. एक तर नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. नाहीतर साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं एक चिन्ह, आणि मग य. दिसायला दोन्ही सारखेच. साधा र, हलन्त आणि य एवढंच राहिलं तर मात्र रफार डोक्यावर जातो आणि दर्या होतो.

म्हणून पहिली तपासणी : कीबोर्डने मुळात काय पाठवलं? ते न दिसणारं चिन्ह कीबोर्डने पाठवलंच नसेल तर बग कीबोर्ड लेआउटचा. पाठवलं, पण सेव्ह करताना तुमच्या कोडने ‘अनावश्यक’ चिन्हं साफ करण्याच्या भरात ते उडवलं, तर बग साठवणीचा. ही चूक खूपदा होते, कारण इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेली साफसफाईची फंक्शनं न दिसणारी चिन्हं कचरा समजतात. चिन्ह जागेवर आहे, पण अमुक एका फाँटमध्येच आडवा रफार दिसत नाही, दुसरा फाँट लावला की दिसतो, तर बग फाँटचा. सगळ्या फाँटमध्ये चुकतो, पण तोच मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये बरोबर दिसतो, तर अक्षरांची जुळणी करणाऱ्या इंजिनाकडे किंवा तुम्ही ते ज्या पद्धतीने वापरता तिकडे बघावं लागेल. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ही जुळणी हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. बग तिथला असेल तर तो तुमच्या ट्रॅकरमध्ये ‘अपस्ट्रीम’ असं लेबल लावून ठेवावा आणि मूळ प्रकल्पात जाऊन नोंदवावा. आणि मजकूर सगळीकडे बरोबर दिसतो, फक्त शोधताना ‘दऱ्या’ सापडत नाहीत, कारण एका नोंदीत ऱ आहे आणि दुसऱ्या नोंदीत जोडक, तर बग शोधाचा.

एकच तक्रार, पाच ठिकाणं. आता ट्रॅकरमध्ये ‘मराठी’ नावाचा घटक केला असता तर काय झालं असतं? हे पाचही बग त्यात पडले असते आणि कीबोर्ड लिहिणारा, फाँट करणारा, शोध सांभाळणारा अशा तिघांनाही तो अख्खा ढीग उपसावा लागला असता. म्हणून घटक ठरवताना एकच कसोटी लावा : हा बग दुरुस्त करायला कोण बसेल? वेगळा माणूस बसणार असेल किंवा वेगळी फाइल उघडावी लागणार असेल तर वेगळा घटक. भाषा हे वेगळं, जोडीचं लेबल असू द्या, म्हणजे मराठीच्या सगळ्या तक्रारी एकत्र बघायच्या असतील तेव्हा बघता येतील आणि सिंधीच्याही.

बगझिलामध्ये ही कसोटी साधनातच बसवली आहे. नवा कम्पोनंट करायचा तर त्याचं वर्णन आणि तो डीफॉल्ट कोणाकडे जाणार त्याचं नाव द्यावंच लागतं. गिटहब असा आग्रह धरत नाही, म्हणून तो तुम्ही धरा. प्रत्येक घटकाच्या लेबलाच्या वर्णनात एक ओळ लिहा, काय यात येतं आणि काय येत नाही. आणि प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये त्या घटकापुढे सांभाळणाऱ्याचं नाव लिहा. नाव लिहायला कोणी मिळत नसेल तर तो घटक अजून करायची वेळ आलेली नाही.

भाषेवरून घटक पाडायचे की नाहीत, याचा धडा लोहित फाँटच्या इतिहासात आहे. रेड हॅटने २००४ मध्ये हे भारतीय लिप्यांचे फाँट मोकळे केले, २०११ मध्ये ते सिल ओपन फाँट लायसन्सखाली आले, आणि त्यांच्यावरचं पुष्कळसं काम पुण्यातून झालं. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या ट्रॅकरमध्ये घटक म्हणजे पॅकेज. एके काळी लोहित हिंदी, लोहित कोकणी, लोहित मैथिली, लोहित सिंधी अशी वेगवेगळी पॅकेजं होती. लिपी एकच, देवनागरी. एखाद्या जोडाक्षरात खोट असली तर ती यातल्या प्रत्येकात असणार, प्रत्येकाच्या नावाने वेगळा बग येणार आणि दुरुस्तीही तितक्याच ठिकाणी करावी लागणार. पुढे ही पॅकेजं एका लोहित देवनागरीत आली. मराठी आणि नेपाळीची मात्र वेगळी पॅकेजं राहिली, कारण तिथे अक्षरांचं वळणच वेगळं आहे. मराठी वाचकाला ल आणि श मराठी वळणाचेच लागतात.

यातून घ्यायचं ते हे : नाव वेगळं म्हणून खण वेगळा करू नये आणि दुरुस्ती वेगळी असेल तर खण एक करू नये. गूगलच्या नोटो फाँटचे इश्यू आधी एका मोठ्या रिपॉझिटरीत येत, आता लिपीवार रिपॉझिटरी आहेत, देवनागरीची वेगळी. तिथे उलट्या दिशेने, एकाचे अनेक झाले. कारण तमिळ अक्षर दुरुस्त करणारा आणि देवनागरी अक्षर दुरुस्त करणारा माणूस एक नसतो. दोन्ही निर्णय एकाच कसोटीवर बरोबर आहेत.

भाषांतराच्या तक्रारींनाही हीच कसोटी लावा. ‘मराठी मेनू चुकीचा आहे’ असा इश्यू आला तर आधी बघा : शब्द चुकीचा आहे, शब्द मराठी झालेलाच नाही, की शब्द बटणात मावत नाही? पहिला भाषांतर करणाऱ्यांकडे जातो. दुसरा बहुधा कोड लिहिणाऱ्याचा, त्याने वाक्य थेट कोडमध्ये इंग्रजीत लिहून ठेवलेलं असतं, भाषांतराच्या फाइलमध्ये ते येतच नाही. तिसरा पडद्याची मांडणी करणाऱ्याचा. मोझिलाच्या ट्रॅकरमध्ये भाषांतरांसाठी स्वतंत्र प्रॉडक्ट आहे आणि त्यात भाषेगणिक घटक, मराठीचाही. तिथे भाषेवरून पाडलेला घटक योग्य ठरतो, कारण प्रत्येक भाषेची टीम खरोखरच वेगळी असते.

गंभीरतेला व्याख्या द्या

‘महत्त्वाचं’ हे लेबल कधीही करू नका. ज्याचा इश्यू त्याला तो महत्त्वाचाच असतो, आणि ते बरोबरच आहे. गंभीरतेच्या दर्जाला तपासता येईल अशी व्याख्या हवी.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ट्रॅकरमध्ये सात दर्जे आहेत : क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. त्यातल्या पहिल्या तिन्हींमुळे पॅकेज नव्या स्थिर आवृत्तीत जाण्यापासून अडू शकतं. म्हणून त्यांच्या व्याख्या काटेकोर आहेत. क्रिटिकल म्हणजे संबंध नसलेलं दुसरं सॉफ्टवेअर किंवा अख्खी यंत्रणा मोडते, माहितीचं गंभीर नुकसान होतं, किंवा नुसतं इन्स्टॉल केल्याने सुरक्षेला भगदाड पडतं. ग्रेव्ह म्हणजे पॅकेजच वापरण्याजोगं राहत नाही. सीरियस म्हणजे डेबियनच्या धोरणाचा ठळक भंग. कोणी किती चिडून लिहिलं आहे याचा इथे संबंध नाही. कोणीच दर्जा दिला नाही तर नॉर्मल.

लहान प्रकल्पाला सात लागत नाहीत, तीन पुरतात. आपल्या ॲपसाठी असे करता येतील. वरचा : लिहिलेला मजकूर हरवतो किंवा त्याचा अर्थ बदलतो, किंवा ॲप उघडतच नाही. मधला : एखादं काम होत नाही, पण दुसऱ्या वाटेने करता येतं. खालचा : काम होतं, दिसायला खटकतं. या व्याख्येत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होणं वरच्या दर्जात जातं, आणि ते तसंच जायला हवं. सिंधी ॻ च्या खालची रेघ उकाराला चिकटते ही तक्रार खालच्या दर्जात येईल, पण चिकटून अक्षरच ओळखू येत नसेल तर वरच्या. व्याख्या हातात असली की असा निर्णय दोन वेगळी माणसंही सारखाच घेतात.

प्राधान्य ही निराळी गोष्ट. गंभीरता वापरणाऱ्याच्या त्रासावर ठरते, प्राधान्य तुमच्या हातातल्या वेळावर. फार गंभीर, पण जगात दोनच फोनवर येणारा बग या महिन्यात मागे राहू शकतो आणि पहिल्याच पडद्यावरची शुद्धलेखनाची चूक आज रात्री सुधारता येते. प्राधान्य फक्त मेंटेनरनेच लावावं, आणि चौघांच्या प्रकल्पात त्यासाठी लेबल करण्याचीही गरज नसते. पुढच्या आवृत्तीचा माइलस्टोन पुरतो.

दारातली ओसरी

इश्यू टाकणाऱ्याला घटक विचारू नका. त्याला ते माहीत नसतं आणि माहीत असण्याची अपेक्षाही गैर आहे. त्याच्याकडून चारच गोष्टी घ्या : काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, आणि फोन, ब्राउझर, ॲपची आवृत्ती कोणती. पहिल्या गोष्टीसाठी मजकूर कॉपी करून मागा, नुसता स्क्रीनशॉट नको. वरच्या उदाहरणात ते न दिसणारं चिन्ह स्क्रीनशॉटमध्ये कधीच दिसलं नसतं. गिटहबच्या इश्यू टेम्प्लेटमध्ये हे चार प्रश्न मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा, सिंधी लिहिणारं कोणी टीममध्ये असेल तर सिंधीतही. लोकांनी त्यांना येईल त्या भाषेत लिहावं. लेबलांची नावं इंग्रजीत ठेवायला हरकत नाही, बाहेरून मदतीला येणारे ती वाचतील.

आलेला प्रत्येक इश्यू आधी ‘न तपासलेला’ या एकाच जागी पडू द्या. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ‘अनट्रायेज्ड’ नावाचा घटकच आहे. ही जागा म्हणजे ओसरी, तिथे कोणी मुक्काम करायचा नाही. आठवड्यातून एक वार ठरवा, पाळी लावा, आणि त्या वारी ओसरी रिकामी करा. तपासणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरं भरायची, नाहीतर ‘अधिक माहिती हवी’ असं लावून नेमकं काय हवं ते सौजन्याने विचारायचं. डेबियनमध्ये त्यासाठी ‘मोअरइन्फो’ आणि ‘अनरिप्रोड्युसिबल’ असे दोन वेगळे टॅग आहेत, आणि तो भेद पाळण्यासारखा आहे. पहिल्यात चेंडू रिपोर्ट करणाऱ्याकडे असतो, दुसऱ्यात तुम्ही प्रयत्न केला आहे आणि तुमच्याकडे तो बग दिसला नाही.

‘इतर’ नावाचा घटक मात्र ठेवू नका. ओसरी रिकामी करायची असते हे सगळ्यांना कळतं. ‘इतर’ला मालक नसतो, म्हणून तो कधीच रिकामा होत नाही.

फायरफॉक्सकडे इतके बग येतात की माणसांनी हे काम पुरं पडेना. २०१९ मध्ये मोझिलाने बगबग हे मशीन लर्निंगवर चालणारं साधन यासाठी वापरायला घेतलं. नवा बग वाचून ते त्याचा घटक सुचवतं. ते शिकलं कशावरून? माणसांनी अनेक वर्षं चिकाटीने लावलेल्या घटकांवरून. उद्या तुम्हालाही असं साधन वापरायचं असेल तर आजची वर्गवारी हाच त्याचा अभ्यास असणार आहे.

काही गोष्टी वर्गवारीच्या बाहेर

सुरक्षेचा बग उघड्या ट्रॅकरवर येताच कामा नये. त्याला लेबल लावणं म्हणजे भगदाडाकडे बोट दाखवणं. सुरक्षेच्या सूचनांसाठी वेगळी फाइल करून खासगी संपर्काची वाट लिहा. गिटहबवर खासगीत कळवण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये चालू करा. कोणी चुकून उघड इश्यू टाकलाच तर त्याच्यावर न रागावता तपशील लगेच झाका.

इश्यू बंद करण्याची कारणं हाही वर्गवारीचा भाग नव्हे. दुरुस्त झाला, दुसऱ्याची पुनरावृत्ती आहे, आमच्याकडे दिसत नाही, करणार नाही, ही उत्तरं बंद करताना द्यायची. पुनरावृत्ती असेल तेव्हा जुना इश्यू ठेवून नवा बंद करण्याचा रिवाज आहे, पण नव्यात माहिती नेमकी असेल तर नवा ठेवा आणि जुना त्याला जोडा. ‘करणार नाही’ म्हणताना दोन ओळींचं कारण लिहा. कोणीतरी वेळ काढून तुम्हाला लिहिलं आहे.

‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल मात्र जपून आणि आवर्जून वापरा. ते चारपैकी कुठल्याच प्रश्नात बसत नाही. ते नवागतासाठीचं आमंत्रण आहे. ते लावण्याआधी इश्यूत कोणती फाइल उघडायची, काय बदललं की काम झालं असं समजायचं, आणि अडलं तर कोणाला विचारायचं, हे लिहा. कॉलेजातल्या ज्युनिअर मुलीने पहिला पॅच पाठवावा असं वाटत असेल तर तिला हे तीन धागे हातात द्यावे लागतील. नुसतं ‘सोपं’ असं लेबल लावून ती येणार नाही.

आधीच पसारा झाला असेल तर

नवी योजना कागदावर आखून सुरुवात करू नका. आधी शेवटचे पन्नास इश्यू काढा, शीर्षकं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि टेबलावर गट पाडा. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने वेगळे गट पाडून बघावेत. जिथे दोघांचे गट जुळतात तिथे घटकाची रेषा नैसर्गिक आहे. जिथे जुळत नाहीत तिथे कोडमध्येच जबाबदाऱ्या मिसळल्या आहेत का ते बघा, बऱ्याचदा तसंच निघतं. पाच-सात घटकांनी सुरुवात करा. एखाद्या घटकात वर्षभरात दोन-तीनच इश्यू आले तर तो शेजारच्यात विलीन करा. एखाद्यात सगळ्यांच्या निम्मे येऊ लागले तर तो दुभंगा.

जुनं लेबल काढून टाकण्यापेक्षा त्याचं नाव बदला. गिटहबवर नाव बदललं तर ते सर्व जुन्या इश्यूंवर आपोआप बदलतं, काढलं तर जुन्या इश्यूंवरची खूण कायमची जाते. बंद झालेल्या हजार इश्यूंना नवी लेबलं लावत बसू नका, उघडे असतील तेवढेच नीट करा. आणि बदल केला त्या दिवशी, काय बदललं आणि का, याचा एक परिच्छेद योगदानाच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीला लागाल, प्रकल्प दुसऱ्याच्या हातात जाईल, तेव्हा त्या माणसाला तुमच्या निर्णयामागचं कारण हाताशी मिळेल.

मराठीत आणि सिंधीत लिहिणाऱ्यांच्या अडचणी जगभरच्या ट्रॅकरमध्ये पोचत नाहीत, कारण त्या नेमक्या कुठे नोंदवायच्या हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. तुमचा प्रकल्प लहान असला तरी तिथे आलेली तक्रार योग्य घटकात लावून, लागेल तेव्हा हार्फबझकडे किंवा फाँट करणाऱ्यांकडे पोचवा. येत्या रविवारी चौघं एकत्र बसा, पन्नास चिठ्ठ्या काढा आणि कामाला लागा.